गिरणीच्या पत्र्यावर चढताना पट्टा लागतो का?

प्रश्न : कामशेतमधल्या आमच्या भातगिरणीच्या सिमेंटच्या पत्र्यांची दर मे महिन्यात डागडुजी होते. 'सेफ्टी बेल्ट बांधकामावर लागतो, आपल्याला नाही,' असं मालक म्हणतात. हे खरं आहे का?
– एक कामगार, कामशेत

उत्तर : नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 32 मध्येच, जिथून पडण्याची शक्यता आहे अशा उंचीवर काम करणाऱ्या कोणाही व्यक्तीसाठी कठडा किंवा अन्य संरक्षण सांगितलं होतं. मग ती ठेकेदाराची का असेना. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक नव्या संहितेनुसारही, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कामाची जागा सुरक्षित ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत.

मावळच्या पावसात शेवाळलेल्या जुन्या पत्र्याचे तडे दिसत नाहीत. पाय पडताच तो फुटतो. म्हणून त्यावर थेट चालू नका. पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर) टेकणाऱ्या रुंद फळ्या टाकून त्या बांधून घ्या. आयएस 3521 मानकाचा फुल बॉडी हार्नेस घाला आणि हूक पत्र्याला किंवा पाइपाला नव्हे, मजबूत लोखंडी तुळईला अडकवा. जमेल ते काम खालून, मचाणावरून करा. सरी आल्या की लगेच उतरा.

एवढी सोय नसेल, तर मालकांना लेखी कळवा आणि ती होईपर्यंत वर चढू नका.