टर्बोआधी ताप बघ

परवा फोनवर म्हणालास, "काका, जनरेटरची ट्रॉली मागे असली की माळशेज चढताना गाडी जीव टाकते. टर्बो बसवून द्या." तेव्हा नुसतं 'बघू' म्हणालो. आज सवडीनं लिहितोय, कारण फोनवर सांगून संपणारं हे काम नाही.

तुझी पिकअप जुन्या डीआय इंजिनाची. 2523 सीसी, बोअर 88.9 मिलिमीटर, स्ट्रोक 101.6. बिनटर्बोचं हे इंजिन 2000 आरपीएमला मिनिटाला फार तर अडीच हजार लिटर हवा ओढतं. फिल्टर चोंदला असेल तर तेवढीही नाही. घाटमाथ्यावर, 700 मीटरच्या आसपास, हवा सहा-सात टक्के विरळ. मग तू पाय कितीही दाब, हवेवाचून डिझेल पुरतं जळत नाही. काळा धूर होऊन ट्रॉलीच्या ताडपत्रीवर बसतं. टर्बो काय करतो? सायलेन्सरकडे वाया चाललेल्या गरम धुरावर एक चक्र फिरवतो आणि त्याच शाफ्टवरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. हवा मिळाली की जास्त डिझेल जळतं. जास्त जळलं की ओढ वाढते, आणि तापही वाढतो. हा ताप कसा सोसायचा ते आधी ठरव, मग टर्बोच्या किमती विचारायला जा.

मी हे शिकलो ते एका गिऱ्हाइकाचं इंजिन घालवून. मोडीतल्या गाडीचा टर्बो आणला, मॅनिफोल्ड वेल्डिंग करून बसवला आणि ओढ दिसावी म्हणून पंपाचा स्क्रू दीड फेरा पिळला. ट्रायलला गाडी अशी पळाली की मालकानं पेढे वाटले. पंधरा दिवसांनी भरल्या गाडीनं माळशेजच्या चढाला, मोरोशीच्या वर आचके दिले. हेड उतरवलं. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर, वाटीच्या कडेला, करंगळी जाईल एवढं भोक. कडा मेणबत्तीसारख्या ओघळलेल्या आणि नोझलच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटलेले. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. तो पिस्टन अजून माझ्या फळीवर आहे. आलास की हातात घेऊन बघ.

म्हणून टर्बोच्या आधी धुराचा ताप दाखवणारं ईजीटी मीटर घे. त्याची काडी मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या अलीकडे बसवायची. पलीकडे बसवली तर ओढीवर शंभर-दीडशे अंश कमी दाखवते आणि माणूस बेसावध राहतो. लांब चढावर काटा 650च्या वर रेंगाळू द्यायचा नाही. 700कडे निघाला की पाय उचल, गिअर खाली घे. खालच्या गिअरात आरपीएम वाढतात, हवा वाढते, ताप उतरतो. वरच्या गिअरात पाय गाडून रेटत नेणं हाच पिस्टनचा काळ.

त्याहीआधी इंजिनाची नाडी बघायची. गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघड. धुराचे भपकारे येत असतील तर रिंगा-लाइनर गेलेत. त्यावर टर्बो म्हणजे दम्याच्या माणसाला पोतं उचलायला लावणं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. एक जरी बाकीच्यांपासून फार खाली असेल तर आधी इंजिनकाम. नोझल पंपवाल्याकडे तपासून घे, कारण ठिबकणारं नोझलसुद्धा पिस्टनला भोक पाडतं. आणि पंपाचा स्क्रू मी पिळला तसा पिळू नकोस. डिझेल किती वाढवायचं ते पंपवाल्याला टेबलावर ठरवू दे. आपल्याकडं अजून ज्याला माइकोचा पंप म्हणतात त्याला बूस्टप्रमाणे, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाप्रमाणे, डिझेल देणारा डायफ्रॅम मिळत असेल तर तोच बसव. बूस्ट आल्यावरच डिझेल वाढतं, म्हणून सुटताना धूर होत नाही.

बूस्ट सात-आठ पाउंडांवर थांबव. कंपनीच्या टर्बो इंजिनात पिस्टन वेगळे असतात, बऱ्याच ठिकाणी खालून ऑइलची धार मारून ते थंड ठेवलेले असतात. तुझ्या इंजिनात ती सोय नाही. दाबलेली हवा तापतेही फार, म्हणून इंटरकूलर बसवता आला तर चैन समजू नकोस. रेडिएटर बाहेरून धुऊन घे, आतून रॉडिंग करून घे. क्लचप्लेटही बघ, वाढलेली ओढ तिच्यातूनच चाकाला जाते.

आता ऑइल. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. परतीचा पाइप अंगठ्याएवढा जाड, सरळ खाली उतरणारा, आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर सुटणारा हवा. त्याला वाक दिला की ऑइल तुंबतं, सीलमधून हवेच्या पाइपात शिरतं आणि निळा धूर दिसतो. फारच शिरलं तर इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं. चावी काढली, डिझेल तोडलं तरी बंद होत नाही. अशा वेळी गाडी उभी असेल तर ब्रेक गच्च दाबून वरच्या गिअरात क्लच सोड आणि इंजिन कोंडून मार. हवेच्या तोंडावर हात धरायचा नाही. तिथं लाकडाची फळी दाबायची, म्हणून एक फळी केबिनमध्ये कायम ठेव. ऑइल आजवर बदलत होतास त्याच्या निम्म्या अंतरावर बदल. घाट चढून हॉटेलवर थांबलास की लगेच चावी फिरवू नकोस. दोन मिनिटं आयडलवर राहू दे, नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल करपून कोळसा होतो.

कागदांचंही बघ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचार, विमेवाल्याला कळव. मला विचारशील तर याच घराण्यातलं कंपनीचं टर्बो इंजिन पूर्ण मिळवून, आरटीओची मंजुरी घेऊन, आरसीवर चढवलेलं मला जास्त पटतं. पैसे जास्त लागतील, पण पिस्टन, पंप, कूलिंग सगळं एकमेकांना साजेसं येईल.

खरी काळजी मला चढाची नाही, उताराची आहे. लग्नाचं जनरेटर घेऊन तू ओतूरहून मुरबाडला जातोस तेव्हा माळशेज आधी उतरतोस. टर्बो ओढायला मदत करतो, थांबवायला नाही. ज्या गिअरात ती ट्रॉली चढेल त्याच गिअरात उतरव, आणि माथ्यावरच, उतार लागण्याआधी तो गिअर टाक. तुझ्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. मागच्या खेपेला मी हुकची पिनही पाहिली, एका बाजूनं निम्मी झिजली आहे आणि साखळीच्या जागी दोर बांधलाय. रविवारी ट्रॉली घेऊन ये. पिन आणि साखळी आधी बदलू, ब्रेकचं माप घेऊ, आणि मग ऑइलचं झाकण उघडून बघू.