बोअरचा हिशेब मोटारीपासून मांडा

फेब्रुवारी सरत आला की बोअरच्या गाड्या गावोगाव दिसू लागतात. विहिरींनी तळ गाठलेला असतो, बागा जगवायच्या असतात आणि सगळी बोलणी फुटाच्या भावावर येऊन थांबतात. भाव ठरवलाच पाहिजे. पण बोअर किती इंची, रॉड किती जाड आणि कॉम्प्रेसर किती हवेचा, हे तीन आकडे कळल्याशिवाय गाडी शेतात घेऊ नका. पाण्याची जागा कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे तीन आकडे मात्र आपल्या हातात आहेत.

वेळ कोणती?

बोअरसाठी मार्च ते मे हा काळ चांगला. भूजलाची पातळी मे अखेरीस सर्वांत खाली असते, त्यामुळे तेव्हा लागलेले पाणी भरवशाचे. ऑक्टोबरात जोरात उसळणारी बोअर एप्रिलात गुळण्या टाकू लागते, हे अनेक गावांनी पाहिले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या गावाजवळच्या विहिरीची मे महिन्याची पातळी विचारून घ्या. पेरणीनंतर जड गाडी रानात घालता येत नाही, म्हणून जागेची पाहणी आधीच उरकलेली बरी.

आधी पिकाची गरज, मग मोटार

मोटारीचा हिशेब पिकापासून सुरू करा. ठिबकवरच्या बागेला रोज 4 मिलिमीटर पाणी धरले तर एकरी साधारण 16,000 लिटर लागते. तीन एकरांना 48,000 लिटर. वीज आठ तास मिळत असेल तर तासाला 6,000 लिटर हवे. एवढे पाणी चार इंची सबमर्सिबल पंप देऊ शकतो; किती एचपीची मोटार आणि किती टप्पे, ते पाणी किती खोलीवरून उचलायचे यावर ठरेल.

या पंपाची जाडी जवळपास 100 मिलिमीटर असते. साडेचार इंची बोअर म्हणजे 115 मिलिमीटर. भोवती सेंटिमीटरभरही जागा उरत नाही. बोअर जराशी वाकडी गेली किंवा वरून खडा पडला, तर पंप अडकतो आणि मोटारीसकट बोअरही जाते. म्हणून शेतीसाठी सहा किंवा साडेसहा इंची बोअर घ्यावी. सहा इंची पंप बसवायचा असेल तर साडेसहा इंचांखाली येऊच नका.

त्याहून रुंद बोअरला मात्र भुलू नका. व्यास दुप्पट केला तरी पाण्याची आवक साधारण दहा टक्क्यांनीच वाढते. काळ्या पाषाणात पाणी येते ते भेगा-सांध्यांतून; भेगच लागली नाही तर आठ इंचीही कोरडीच. साठ्यात फरक पडतो, पण तोही बेताचा. शंभर फूट उभ्या पाण्यात साडेचार इंची बोअर सुमारे 310 लिटर धरते, साडेसहा इंची 650 लिटर.

रॉडची जाडी का विचारायची?

कॉम्प्रेसरची हवा रॉडच्या पोकळीतून खाली जाते, हॅमर चालवते आणि रॉड व बोअरची भिंत यांच्यामधल्या पोकळीतून चुरा घेऊन वर येते. ही हवा मिनिटाला साधारण 3,000 ते 5,000 फूट वेगाने वर यायला हवी. कमी पडली तर चुरा अर्ध्या वाटेवरून परत खाली बसतो, बिट तोच चुरा पुन्हा दळत राहतो आणि शेवटी रॉड अडकतो.

वेग घरीच काढता येतो. बोअरच्या इंचांचा वर्ग करा, त्यातून रॉडच्या इंचांचा वर्ग वजा करा. कॉम्प्रेसरच्या सीएफएमला, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा त्या आकड्याला, 183 ने गुणून आलेल्या आकड्याला या वजाबाकीने भागा.

- साडेसहा इंची बोअर, साडेचार इंची रॉड, 600 सीएफएम: वेग सुमारे 5,000 फूट. उत्तम.
- तीच बोअर, साडेतीन इंची रॉड, 600 सीएफएम: सुमारे 3,660 फूट. चालेल.
- साडेचार इंची बोअर, तीन इंची रॉड, 300 सीएफएम: सुमारे 4,880 फूट. जोडी जुळते.
- साडेसहा इंची बोअर, तीन इंची रॉड, 300 सीएफएम: अवघे 1,650 फूट. ही गाडी परत पाठवा.

शेवटचा प्रकार हंगामाच्या गर्दीत होतो. लहान बोअरच्या गाडीला मोठा बिट लावून काम उरकले जाते. बारीक रॉड लवतो, त्यामुळे बोअर वाकडी जाण्याचा धोका वेगळाच. उलट टोकही वाईट. साडेसहा इंची बोअरमध्ये साडेचार इंची रॉडवर 900 सीएफएम सोडली तर वेग 7,000 फुटांच्या वर जातो, लाल मातीचा मऊ थर धुपून ढासळतो आणि रॉडही झिजतो.

दाबही विचारा. शंभर फूट उभ्या पाण्याचा दाब सुमारे 43 पीएसआय असतो. बोअरमध्ये 300 फूट पाणी उभे राहिले तर 130 पीएसआय ते ढकलण्यातच खर्च होतात. हॅमरला उरेल तो दाब त्यावरचा.

गाडी चालू असताना

बोअरजवळ उभे राहा आणि बाहेर पडणारा चुरा पाहा. कोरडा, खरखरीत चुरा एकसारखा उडत असेल तर काम नीट चालले आहे. पिठासारखी भुकटी येऊ लागली तर चुरा खाली पुन्हा पुन्हा दळला जात असावा. रॉड थोडा वर घेऊन हवा मारायला सांगा. थोडीशी ओल लागली की भुकटीचा चिखल होऊन रॉडभोवती कडे धरतो आणि धूळ एकदम थांबते. त्याच क्षणी पाणी किंवा फेस सोडून बोअर धुवायला हवी. दर रॉडला मूठभर चुरा कागदावर ओळीने ठेवा. काळा, लाल, पांढऱ्या ठिपक्यांचा असा थर कुठे बदलला ते त्यावरून कळते आणि पंप कुठे सोडायचा ते ठरवता येते.

सुरुवातीलाच एक रॉड टेपने मोजा; बहुतेक गाड्यांवर तो वीस फुटी असतो. खडूने रॉडांची खूण करत राहा, म्हणजे फुटांचा वाद उरत नाही. बिटही मोजा. झिजलेल्या बिटाने पडलेली बोअर साडेसहा इंची राहत नाही.

केसिंग

वरची माती आणि मुरूम संपून पक्का खडक लागल्यावर त्यात काही फूट खाली केसिंग टेकले पाहिजे. केसिंगच्या आतून बिट मोकळा गेला पाहिजे, म्हणून वरचा भाग मोठ्या बिटाने पाडावा लागतो. केसिंगबाहेरची फट चिकणमातीने किंवा सिमेंटने बंद करा, नाहीतर पावसाचे गढूळ पाणी थेट आत उतरते.

रावेर-यावलकडच्या तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत हे गणित बदलते. तिथे भिंत स्वतःहून उभी राहत नाही. तळापर्यंत पाइप, पाण्याच्या थरासमोर जाळीचा पाइप आणि भोवती गोट्यांचा थर लागतो. हा थर चारही बाजूंनी तीन इंच धरला, तर बोअर पाइपपेक्षा सहा इंच मोठी हवी.

कायदा आणि सुरक्षितता

महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 नुसार 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहीर ही खोल विहीर धरली जाते आणि अधिसूचित क्षेत्रात तिला मनाई आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ 500 मीटरच्या आत बोअर घेण्यावरही निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे बोअर घेण्याच्या 15 दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवायचे असते. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडाला घट्ट झाकण हवेच. कोरडी गेलेली बोअर त्याच दिवशी बंद करा आणि माती-दगडांनी तळापासून वरपर्यंत भरून घ्या. उघड्या बोअरमध्ये लेकरे पडून जीव गेले आहेत.

कागदावर घ्या

बोअरचा व्यास, रॉडची जाडी, कॉम्प्रेसरचे सीएफएम आणि पीएसआय, केसिंगचा व्यास व फूट, बोअरचा आणि केसिंगचा भाव आणि रॉड अडकल्यास खर्च कोणाचा, हे सगळे गाडी येण्याआधी लिहून सही घ्या. बोअर झाल्यावर 200 लिटरचे पिंप लावून पाणी मोजा. दोन मिनिटांत भरले तर तासाला 6,000 लिटर. निदान काही तास सलग उपसा करून हा आकडा टिकतो का ते पाहा, आणि मोटार त्यानंतरच विकत घ्या.