मित्रांचा विनोदी सिनेमा आणि त्यातला हौशी नट

कमी पैशांत, मित्र जमवून केलेल्या विनोदी सिनेमात नट फक्त नट राहत नाही. सकाळी ट्रायपॉड तोच उचलतो, दुपारचे जेवण तोच आणतो आणि आपला शॉट संपला की दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला थर्माकोल धरून उभा राहतो. या धावपळीत जे काम त्याच्याऐवजी दुसरा कोणी करूच शकत नाही, तेच मागे पडते. वाक्ये पाठ नसतात, प्रसंग आधी वाचलेला नसतो आणि कॅमेरा लागल्यावर नट मनातल्या मनात अजून हिशेबच करत असतो. पैसे कमी पडले म्हणून हौशी सिनेमे फारसे अडत नाहीत. नटाला नट म्हणून वेळच मिळाला नाही, म्हणून ते पडतात.

पैशांवाचून काय होऊ शकते याचा आपल्याकडचा सर्वांत ठसठशीत दाखला नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट केला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. ते स्वतः व्हिडिओ पार्लर चालवत, त्यामुळे गावचा प्रेक्षक कोणत्या प्रसंगाला खुर्चीत सरसावून बसतो हे त्यांनी रोज पाहिले होते. मालेगावच्या या सिनेमांत क्रेनच्या जागी बैलगाडी आली, ट्रॉलीच्या जागी सायकल. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ कसा तयार झाला यावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत लागला. सुपरमॅन झालेले शफीक शेख मागावर काम करणारे, अंगाने हडकुळे. त्यांना उडवण्यासाठी ट्रकला हिरवा पडदा लावला गेला. हौशी नटाने हा माहितीपट पाहावा तो शफीक यांच्या चेहऱ्यासाठी. आपण गमतीचे काही करतो आहोत असा भाव त्यावर कुठेच नाही. गाव वाचवायचे आहे, एवढेच त्यांना ठाऊक असते, आणि हसू येते ते त्या निष्ठेमुळे.

संहिता लिहितानाच हाताशी काय आहे याची यादी करणे हा या मार्गावरचा पहिला शहाणपणा. न्यू जर्सीत केविन स्मिथ ज्या दुकानात नोकरी करत, तिथेच रात्री दुकान बंद झाल्यावर त्यांनी ‘क्लर्क्स’ चित्रित केला. कथा दिवसा घडते आणि शूटिंग रात्रीचे, म्हणून शटरच्या कुलपात कोणीतरी च्युइंगम कोंबले आहे आणि ते उघडतच नाही, असे पटकथेत घालून टाकले. कृष्णधवल, मित्रांनी भरलेला, २७,५७५ डॉलरांत चित्रित झालेला हा सिनेमा १९९४ मध्ये सनडान्स महोत्सवात गाजला. आपल्याकडे मित्राच्या मामाचे सलून, कोणाचा टेम्पो, सुट्टीतली रिकामी शाळा एवढे असले तरी गोष्ट उभी राहते. मात्र टेम्पो कोणत्या दिवशी भाड्यावर नसतो हे लेखकाला आधी माहीत हवे.

आता मुख्य गोष्ट. मराठी हौशी नट बहुधा एकांकिका स्पर्धांतून किंवा राज्य नाट्य स्पर्धेतून आलेला असतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, हशा आला की थांबायचे, हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकायचे, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. कॅमेऱ्यासमोर यातले काहीच तसेच्या तसे चालत नाही. हशासाठी घेतलेला पॉज पडद्यावर वाक्य विसरल्यासारखा दिसतो. भुवया उडवल्या तर क्लोजअपमध्ये त्या कपाळभर होतात. त्यामुळे रंगमंचावरून आलेल्याने पहिल्या दिवशी मोबाइलवर आपलाच एक प्रसंग चित्रित करून, आवाज बंद करून पाहावा. शब्द नसताना आपला चेहरा किती जास्त काम करतो हे तेव्हा कळते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे सेटवरचे हसू. मित्र एकमेकांना ओळखतात. एरवी गंभीर असणारा मित्र नऊवारी नेसून आला की सगळे पोट धरून हसतात, पण तो एरवी गंभीर असतो हे प्रेक्षकाला माहीत नसते. त्याला दिसतो फक्त साडी नेसलेला एक अनोळखी माणूस. हा प्रसंग कागदावर कशामुळे विनोदी होता, हे नटाने शूटिंगपूर्वी एका वाक्यात स्वतःला सांगावे. उत्तर ‘अमुक ते करतो म्हणून’ असे आले तर प्रसंग पुन्हा लिहायला द्यावा. भाडेकरू घरमालकापासून मांजर लपवतो आहे, हा प्रसंग कोणीही केला तरी उभा राहतो, कारण पकडले जाण्याची भीती त्यातच आहे. नटाने ती भीती खरी मानून खेळावी. मांजर ओरडल्यावर आपण खोकून ते झाकतो तेव्हा खोकला खरा वाटला पाहिजे, आणि घरमालक झालेल्या नटाने तो खरेच ऐकला पाहिजे. हौशी सिनेमात सर्वांत कमी पडते ते ऐकणे. स्वतःचे वाक्य संपले की नट रिकामा होतो, आणि संकलकाला रिअ‍ॅक्शनचा एकही तुकडा सापडत नाही. विनोद बहुतेक वेळा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर फुटतो, म्हणून प्रत्येक प्रसंगात ऐकणाऱ्याचा वेगळा शॉट मागून घ्यावा.

टेक चालू असताना फुटणारे हसू हाही मोठा खर्च आहे. एक जण हसला की टेक गेला. दुसऱ्यांदा वाक्याची धार कमी होते, पाचव्यांदा ते नुसते म्हटले जाते. तालमी भरपूर करून हसून घ्यावे. ऐन वेळी सुचलेली भर घालायची असेल तर लिहिल्याप्रमाणे एक चांगला टेक मिळाल्यावर घालावी, आणि ती समोरच्याला न सांगता घालायची असेल तर निदान कॅमेरा धरणाऱ्याला सांगावी.

रविवारी-रविवारी शूटिंग असल्याने कंटिन्युइटीचा भार नटावर येतो. पीटर जॅक्सन यांचा ‘बॅड टेस्ट’ (१९८७) मित्रांना घेऊन आठवड्याच्या सुट्ट्यांत चित्रित होत चार वर्षे चालला. त्यात त्यांनी स्वतः दोन भूमिका केल्या, एक दाढीतली आणि एक दाढीविना, आणि ही दोन पात्रे एकमेकांशी झुंजतातही. एवढा पल्ला गाठायचा तर नोंदी हव्यातच. प्रत्येक शॉटनंतर स्वतःचा फोटो, बाही किती दुमडली, घड्याळ कोणत्या हातात, हे लिहून ठेवावे. शूटिंग संपेपर्यंत सदरा धुवायलाही दुसऱ्याच्या हाती देऊ नये. खाण्याचे प्रसंग विशेष जपावे. पहिल्या टेकला भूक लागली म्हणून पोह्यांचे तीन मोठे घास घेतले, की पुढच्या प्रत्येक टेकला त्याच शब्दांवर तेच तीन घास घ्यावे लागतात. बशी दर वेळी तेवढीच भरावी लागते आणि दुपारपर्यंत पोहे नकोसे होतात. अनुभवी नट चमचा भरपूर फिरवतो आणि खातो थोडे.

चित्र थोडे काळवंडले तर प्रेक्षक सोसतो, वाक्य ऐकू आले नाही तर उठतो. विनोदात तर पंचचा शेवटचा शब्दच गेला की सगळे गेले. पंखा, फ्रिज, शेजारचा कुकर आणि पाण्याची मोटर यांचा आवाज कानाला सवयीने जाणवत नाही, माईकला जाणवतो. टेकआधी सर्वांनी थोडा वेळ गप्प राहून ऐकावे. कॉलर माईक सिंथेटिक कुडत्यावर खरखरतो, म्हणून नटाने सुती कपड्याचा आग्रह धरावा. जागा सोडण्यापूर्वी महत्त्वाची वाक्ये तिथेच, कॅमेऱ्याशिवाय, माईकजवळ पुन्हा म्हणून ठेवावीत. नंतर डबिंगला बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपे पडते.

पडणे, आदळणे, थप्पड यांबद्दल मात्र कठोर असायला हवे. मूकपटांतले विनोदी नट हॅरोल्ड लॉइड यांच्या हातात १९१९ मध्ये खोटा समजलेला बॉम्ब फुटला आणि त्यांचा अंगठा व तर्जनी गेली. बस्टर कीटन यांना ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) करताना मानेचे हाड मोडले, आणि ते त्यांना कळले कित्येक वर्षांनी. हे दोघेही सरावलेले होते. मित्र “काही होत नाही रे” म्हणतात ते प्रेमानेच, पण विम्याशिवाय, डॉक्टरशिवाय चाललेल्या कामात नटाने नाही म्हणायला शिकले पाहिजे. पडण्याआधीचा चेहरा आणि पडल्यानंतरचे पाय, असे दोन शॉट घेतले तरी प्रेक्षक हसतोच. रस्त्यावर खोटे पिस्तूल काढायचे असेल तर पोलिसांची परवानगी आणि आसपासच्या दुकानदारांना आधी दिलेली कल्पना, दोन्ही हवे.

मैत्री हे या सिनेमाचे भांडवल, आणि ते सर्वांत आधी झिजते. पेट्रोल कोणी भरले, जेवण कोणी दिले, कॅमेऱ्याचे भाडे कोणाकडून गेले, हे वहीत लिहावे. श्रेयनामावलीत कोणाचे नाव कुठे येणार, आणि उद्या पैसे मिळाले तर वाटणी कशी, हे पहिल्या शूटिंगपूर्वी सगळ्यांसमोर ठरवावे. कोणाचे टक्कल, वजन, तोतरेपणा किंवा जात यांवर बेतलेला विनोद त्या मित्राने गप्पांत हसून घेतलेला असतो, पण पडद्यावर तो त्याच्या आईवडिलांसमोर आणि ऑफिसातल्या माणसांसमोर जातो. त्याला एकट्याला विचारावे, आणि तो क्षणभर जरी थबकला तरी वाक्य काढून टाकावे.

गाणी लावण्याची घाई करू नये. ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क असतो. गाजलेल्या गाण्यावर बेतलेला प्रसंग परवानगीवाचून शेवटी मुका होतो. चित्रपटगृहात दाखवायचे असेल तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, त्यासाठी वेळ आणि पैसे आधीच बाजूला काढावेत.

कच्चा सिनेमा जोडून झाला की तो आधी अनोळखी माणसांना दाखवावा: कोणाच्या सोसायटीतल्या, कोणाच्या गावच्या वाचनालयातल्या. नटाने पडद्याकडे न पाहता बाजूला बसून त्यांचे चेहरे पाहावे आणि कुठे कोणी मोबाइल काढला ते लिहून घ्यावे. आपला लाडका प्रसंग तिथे असला तर त्याची बाजू मांडू नये. संकलकाला तो कापू द्यावा. मग हाच खेळ पुन्हा दुसऱ्या माणसांसमोर करावा. आधी पाहून गेलेल्यांना बोलावू नये, कारण त्यांना विनोद कुठे येणार हे ठाऊक झालेले असते.