बोट कधी उचलायचं

नागपूरच्या लकडगंजात आरामशीन सुरू असली की मामांच्या दुकानात पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, सूर ऐकू येत नाही. म्हणून सूर लावायचं काम ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करतात. मशीन थांबते, भुसा खाली बसतो आणि गल्ली तासभर गप्प होते. मामा बरीच वर्षं गायकांच्या साथीला बसले. आता पेट्या दुरुस्त करतात. भाची पियानो शिकते आणि तिला मैफलीची पियानोवादक व्हायचं आहे.

मामा : ये, बस. पण पंखा लावू नको.

भाची : या उन्हात? काय करून राहिले तुम्ही?

मामा : ही पेटी गळून राहिली. पारा 45च्या वर गेला की लाकूड आकसतं, फटी पडतात, भात्यातली हवा निसटते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, मग पट्ट्या अडकतात. म्हणून पेटीला जुनं, मुरलेलं सागवान हवं. त्यासाठी मला ही गल्ली सोडावी लागत नाही.

भाची : पियानोत तारा असतात, त्यांच्यावर हातोडी पडते. यात काय वाजतं?

मामा : हे बघ, रीड. पितळेची एवढीशी जीभ. खालून हवा गेली की थरथरते. टोकाला कानस लावली की ती हलकी होते, सूर चढतो. मुळाशी घासली की उतरतो. दोनदा घासायचं आणि ऐकायचं. हाताला घाई झाली की पुढचा तासभर निस्तरत बसायचं.

भाची : म्हणजे अस्सल देशी वाद्य.

मामा : कसलं देशी! पॅरिसच्या देबँनं 1842 मध्ये याचं पेटंट घेतलं. ते टेबलासारखं, पायानं भाता मारायचं. आपण बसतो मांडी घालून. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी 1875 मध्ये द्वारकिन ही पेढी काढली, आणि हाताच्या भात्याची पेटी त्यांच्या नावाशी जोडली गेली. त्या बदलात आपला एक हात मात्र गेला. तुझी दहा बोटं 88 पट्ट्यांवर फिरतात. इथे पट्ट्या 37 ते 42, आणि बोटं पाचच. दुसरा हात भात्यावर.

भाची : मग तोटाच की.

मामा : तुझा सूर पट्टी दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. माझा भाता चालेपर्यंत टिकतो. तो डावा हात म्हणजे पेटीचा श्वास. गायक कुठे दम घेतो, ते त्याला आधी कळावं लागतं. पण दोघांचं एक दुखणं सारखंच आहे. षड्ज धर. आता गंधार. काय ऐकू आलं?

भाची : काहीतरी... थरथरतंय.

मामा : षड्ज 240 कंपनांचा धरला तर तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार येतो 300चा. पण सप्तकाचे बारा सारखे भाग केले की तोच गंधार जातो 302च्या थोडा वर. पंचम जवळपास बरोबर बसतो, गंधार मात्र चढा राहतो.

भाची : असं कशाला केलं मग?

मामा : कुठलीही पट्टी षड्ज धरली तरी वाद्य चालावं म्हणून. पियानोची सगळी इमारत त्याच तडजोडीवर उभी आहे. आपल्याकडे मागे तंबोरा वाजत असतो, म्हणून चोरी पकडली जाते. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी केली, ती याचसाठी. वर पेटीतून मींडही निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही. पायऱ्या चढाव्या लागतात. हीच कारणं पुढे करून आकाशवाणीनं 1 मार्च 1940 पासून पेटी बंद केली.

भाची : बंद? अख्ख्या देशात?

मामा : अख्ख्या. आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत पाहणारे जॉन फोल्ड्स पेटीच्या विरोधात लिहून गेले होते, आणि रवींद्रनाथांनाही ती खपत नव्हती. बंदी उठू लागली 1971 मध्ये, तीही अटी घालून.

भाची : तोवर पेटीवाल्यांनी काय केलं?

मामा : नाटक होतं, मैफली होत्या. पेटीवाल्याचा मान जुनाच होता बरं. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसायचे, आणि 1911 मध्ये ‘मानापमान’च्या चाली त्यांनीच दिल्या. म्हणजे जो गायकाच्या मागे जायचा, त्याच्या मागे पुढे सगळा महाराष्ट्र गाऊ लागला! आता तुळशीदास बोरकरांचं बघ. 1934 मध्ये गोव्यातल्या बोरीत जन्म. बंदी आली तेव्हा पाच वर्षांचे, उठू लागली तेव्हा छत्तिशीत. शिकण्याचा आणि नाव कमावण्याचा सगळा काळ रेडिओ बंद! तरी छोटा गंधर्वांचं मार्गदर्शन, मग पी. मधुकरांची तालीम, मग मोठमोठ्या गायकांची साथ आणि त्याबरोबर एकलवादन. 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये गेले. सुधीर नायक, सीमा शिरोडकर हे त्यांचेच शिष्य.

भाची : पण मामा, खरं सांगू? पियानोवादक मंचाच्या मधोमध असतो, सगळा ऑर्केस्ट्रा त्याच्याभोवती. पेटीवाला बसतो बाजूला. सारं आयुष्य दुसऱ्याच्या मागे जायचं, याला करिअर म्हणायचं?

मामा : तुझ्यापुढे कागद असतो. पुढचा सूर कुठला, ते दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय. माझ्यापुढे गायक असतो, आणि पुढची तान त्यालाही ठाऊक नसते. ती निघाली की निमिषभरानं माझ्या बोटांतून यायला हवी. आधी गेलो तर आगाऊपणा, उशीर झाला तर अडथळा. अशी वीस-पंचवीस वर्षं काढली की पेटीवाल्याच्या पोटात गाणं तयार होतं. मग समोर गायक नसला तरी तो वाजवतो ते गाणंच असतं. एकलवादन असं येतं. नुसती बोटं पळवून येत नाही.

भाची : आणि तो चढा गंधार? मींड?

मामा : मींडेचा भास करायचा. कणस्वर घ्यायचा, पट्टी पुरती न दाबता सोडायची, भाता सैल करायचा. गंधाराचं सांगतो, पण आधी वाजव. ‘सा रे ग’ कर. मी गातो.

(मामा गंधारावर थांबतात. भाचीही तो धरून ठेवते. मामा हातानं खूण करतात.)

मामा : उचल.

भाची : पण तुम्ही अजून त्याच सुरावर आहात.

मामा : म्हणूनच उचल. गायक गंधारावर उभा राहिला की तिथे आपलं काम नाही. खाली षड्ज धर, भाता हलका ठेव. तो हलला की मग परत ये. पुन्हा कर.

(या वेळी ती बोट उचलते. थरथर थांबते. पलीकडे कुणीतरी आरामशिनीचं बटण दाबतं आणि मामा पेटीचं झाकण लावतात.)

मामा : सुट्टी संपली. उद्या याच वेळेला ये.