शंभर नाण्यांची पिशवी
(इयत्ता ५ वी ते ७ वी : इतिहास व गणित यांचा संयुक्त पाठ)

उद्देश : रोजच्या व्यवहारातील नाणे बारकाईने पाहण्याची सवय मुलांना लावणे, व पाहिलेल्या गोष्टीची खात्री केल्यावाचून निष्कर्ष न काढण्याची शिस्त त्यांच्या अंगी बाणविणे.

पूर्वतयारी : अमेरिकेत बँका नाणी कागदी गुंडाळीत देतात व संग्राहक त्या उलगडून जुनी नाणी शोधतात. अर्ध्या डॉलरची २० नाणी एका गुंडाळीत असतात. १९६४ पर्यंतच्या या नाण्यांत ९० टक्के चांदी असल्याने ती विशेष शोधली जातात. आपल्याकडे चलनातील नाण्यांत चांदी नाही. लाभ आहे तो ज्ञानाचा. शिक्षकांनी नजीकच्या बँकेतून एक रुपयाची १०० नाणी सुट्या स्वरूपात आणावीत. सोबत एक बहिर्गोल भिंग व वहीचे कोरे कागद असावेत. नाणी वाटण्यापूर्वी व गोळा केल्यावर ती मुलांकडूनच मोजून घ्यावीत.

पाठाची मांडणी : मुलांचे पाच गट करून प्रत्येक गटास २० नाणी द्यावीत. प्रथम वर्ष वाचावे, नंतर वर्षाखालील खूण पाहावी. ही खूण टांकसाळीची असते. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा व नोएडाची ठिपका होय. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. येथेच मुले चुकतात. झिजलेल्या नाण्यावर खूण दिसत नाही म्हणून ते कोलकात्याचे ठरत नाही. अशा नाण्यांसाठी ‘अनिश्चित’ असा वेगळा रकाना ठेवावा व तो भरण्यात कमीपणा नाही, हे मुलांना समजावून द्यावे.

प्रत्येक गटाने ताळ्याच्या खुणांनी तक्ता करावा. पाचही तक्त्यांची बेरीज फळ्यावर मांडावी. नाणी एकूण शंभरच असल्याने प्रत्येक टांकसाळीची संख्या हीच तिची शेकडेवारी होते. शेकडेवारीचा अर्थ याहून सुलभ रीतीने क्वचितच सांगता येईल.

इतिहासाशी सांगड : स्मारक नाणे सापडल्यास त्यावरील व्यक्तीची माहिती सांगावी. डॉ. आंबेडकरांचे एक रुपयाचे नाणे १९९० चे, संत ज्ञानेश्वरांचे १९९९ चे आहे. त्याच ओघात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली व तत्पूर्वी रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे होत, हे सांगून वजाबाकीची उदाहरणे घालावीत. घरून कोणी चार आण्याचे नाणे आणल्यास, २५ पैसे व त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, हे सांगावे.

दक्षता : (१) नाणे चिंचेने वा राखेने घासू नये, त्याने पृष्ठभाग खरवडला जातो व संग्रहाच्या दृष्टीने मोल घटते. (२) एखादे नाणे शाळेच्या संग्रहात ठेवावयाचे झाल्यास त्याच्या जागी दुसरा रुपया घालावा. (३) जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, मात्र आधी शुल्क भरा, असा निरोप आल्यास ती फसवणूक समजावी. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याविषयी जनतेस सावध केले आहे. ही गोष्ट मुलांमार्फत पालकांपर्यंत अवश्य पोहोचवावी. एका घराची पुंजी वाचली तरी पाठ सार्थकी लागला.

दहा रुपयांचे नाणे खोटे म्हणून नाकारले जाते, तेथेही हा पाठ उपयोगी पडेल. त्या नाण्याचे १४ नमुने ग्राह्य असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

स्वाध्याय : (१) घरातील दहा नाण्यांचा वर्ष व टांकसाळ यांनुसार तक्ता करा. (२) त्यांतील सर्वांत जुने नाणे किती वर्षांचे आहे? (३) आपल्या तक्त्यात ‘अनिश्चित’ किती, व का, ते दोन वाक्यांत लिहा.

पाठ संपताच १०० नाणी पुन्हा मोजून, पिशवीत भरून बँकेत परत करावीत.