दार उघडायला एवढा वेळ का लागतो?

मागच्या सेमिस्टरला मी एक गुन्हा केला. रूममेटने सुट्टीसाठी एक गेम घेतला होता, शंभर जीबीच्या वरचा, आणि माझ्या लॅपटॉपवर जागा नव्हती. 'जुनं काहीतरी असेल' म्हणून मी एक फोल्डर उडवलं. ते आमच्या मिनी प्रोजेक्टचं निघालं! पार्टनर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या चार दिवसांत मी शोधत बसले की एवढ्या शंभर जीबीत असतं तरी काय. त्यातून हा लेख. (मराठी सांभाळून घ्या. कॉन्व्हेंटवाली आहे. 'साठवणक्षमता' हा शब्द आईला फोन करून विचारला, तर ती म्हणाली, "आधी जेवलीस का ते सांग.")

तर मित्रांनो, डिस्कवर किती मावतं हा प्रश्न सगळ्यांनाच कळतो. पण दुसरा एक प्रश्न असतो, जो आपण ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरला पाच मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरतो : सीक टाइम. म्हणजे हवी ती वस्तू डिस्कवर आहे खरी, पण हेड तिथपर्यंत पोचणार कधी?

सोनीचा पहिला प्लेस्टेशन १९९४ साली जपानमध्ये आला. सीडीवर साधारण ६५० एमबी मावायचे. त्या काळात ही चैन होती. पण मशीनची मुख्य मेमरी फक्त २ एमबी, आणि ड्राइव्हचा वेग सेकंदाला ३०० केबी. गणित करून बघा, मेमरी एकदा पूर्ण भरायला जवळजवळ ७ सेकंद. हेडच्या धावपळीचा वेळ वेगळाच. इतका वेळ खेळणाऱ्याला काळ्या पडद्यासमोर बसवायचं कसं? कॅपकॉमने १९९६च्या 'रेसिडेंट ईव्हल'मध्ये मस्त युक्ती केली. एका खोलीतून दुसरीत जाताना पडद्यावर फक्त एक दार दिसतं, ते करकरत हळूहळू उघडतं, आणि आपला जीव वर! तेवढ्या वेळात मागे सीडीवरून पुढची खोली लोड होत असते. म्हणजे आपण ज्याला घाबरतो तो चक्क लोडिंग स्क्रीन. गंमत म्हणजे २०१५ साली कॉम्प्युटरवर या गेमची एचडी आवृत्ती आली, तिथे सीडीचा पत्ताच नाही, तरी दारं तशीच करकरतात.

निन्टेंडोने उलटा रस्ता धरला. १९९६च्या निन्टेंडो ६४ला त्यांनी कार्ट्रिजच ठेवली. चिपच ती, हेड नाही की फिरणं नाही, मागितलं की हातात. पण 'सुपर मारिओ ६४' अख्खा ८ एमबीत बसवावा लागला, आणि पुढे मोठ्यात मोठी कार्ट्रिज झाली ती ६४ एमबीची. 'फायनल फँटसी'वाली स्क्वेअर कंपनी तोपर्यंत निन्टेंडोसाठीच हे गेम बनवायची. सातव्या भागात त्यांना व्हिडिओ भरपूर हवे होते, म्हणून ती सोनीकडे गेली. १९९७ साली तो गेम ३ सीड्यांवर आला. नुसत्या जागेपायी एवढी जुनी मैत्री तुटली!

आणि आता माझा आवडता किस्सा. १९९८चा 'रेसिडेंट ईव्हल २' प्लेस्टेशनवर २ सीड्यांचा होता. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एंजल स्टुडिओजने तो निन्टेंडो ६४च्या एका ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला. व्हिडिओसुद्धा सोडले नाहीत. चित्रं धूसर केली, दर सेकंदाची संख्या कमी केली आणि व्हिडिओ सुमारे १६५ पट दाबले. शिवाय मूळ गेममध्ये नसलेला थोडा मजकूर वरून घातला. मला आधी हा चमत्कारच वाटला. मग लक्षात आलं की त्या २ सीड्यांपैकी एक लिऑनची आणि एक क्लेअरची. दोघं एकाच पोलीस स्टेशनात फिरतात. म्हणजे तेच जिने, त्याच खोल्या दोन्ही सीड्यांवर! कार्ट्रिजवर त्या एकदाच ठेवल्या की झालं. अर्थात यामुळे त्या लोकांची मेहनत कमी होत नाही, कृपया कोणी तसं म्हणू नये.

ही 'दोनदा ठेवणं' भानगड पुढे फार वाढली. ब्लू-रे आली, ५० जीबी मिळाले, हार्ड डिस्क आली, पण हेड फिरायचं थांबलं नाही. आमच्या मेसमध्ये मीठ एकाच टेबलावर असतं, त्यामुळे अर्धी पंगत उठून तिकडे जाते. उपाय काय? प्रत्येक टेबलावर मीठ ठेवा. गेमवाल्यांनी तेच केलं. २०१८च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये शहराच्या प्रत्येक तुकड्याजवळ त्याला लागणारी प्रत्येक वस्तू पुन्हा ठेवलेली होती. प्लेस्टेशन ५ची रचना करणारे मार्क सर्नी यांनी २०२०च्या भाषणात सांगितलं की टपालपेटीसारख्या काही वस्तू हार्ड डिस्कवर तब्बल ४०० वेळा होत्या. म्हणजे डिस्क हळू म्हणून जागा खाल्ली, आणि जागा खाल्ली म्हणून डिस्क पुरेना.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, तिथे हे ४०० वेळा कशाला? पण सवय मोडत नाही. 'हेलडायव्हर्स २' कॉम्प्युटरवर सुमारे १५४ जीबी घ्यायचा. २०२५च्या अखेरीस कंपनीने त्यातल्या नकला काढल्या आणि तो साधारण २३ जीबीवर आला! जुन्या हार्ड डिस्कवाल्यांना लोडिंगला कित्येक पट वेळ लागेल या भीतीने नकला ठेवल्या होत्या. प्रत्यक्ष मोजलं तर फरक काही सेकंदांचा निघाला, कारण बराचसा वेळ लेव्हल तयार करण्यातच जात होता. इतके दिवस अंदाजावरच चाललं होतं.

आमचं प्रोजेक्ट? अर्धं पार्टनरच्या पेनड्राइव्हवर सापडलं, तिने नक्कल ठेवली होती म्हणून. उरलेलं अर्धं मी परत टाइप करतेय, आणि रूममेट शेजारी बसून तो गेम खेळतेय.