दुकानाचं नाव नक्की कुणाचं? ट्रेडमार्क सोप्या भाषेत

ट्रेडमार्कच्या व्हिडिओत काही मुद्दे भरभर गेले, ते इथे नीट मांडतोय. वही-पेन घेऊन वाचा.

"सर, शॉप ॲक्ट आहे, जीएसटी नंबर आहे, मग नाव माझंच ना?" हा प्रश्न क्लासमध्ये हमखास येतो. उत्तर आहे, नाही. शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी, फूड लायसन्स ही धंदा करण्याची कागदपत्रं. तुमचं नाव दुसऱ्याने वापरू नये, हा हक्क त्यातून मिळत नाही. तो ट्रेडमार्क कायदा १९९९ मधून मिळतो.

पुण्याचं उदाहरण बघा

पुण्याच्या कॅम्प भागात 'बर्गर किंग' नावाचं हॉटेल १९९२ पासून आहे. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने भारतात ट्रेडमार्क १९७९ मध्येच नोंदवला होता, पण दुकानं उघडली २०१४ मध्ये. कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. २०२४ मध्ये पुणे कोर्टाने तो फेटाळला. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या हॉटेलला नाव वापरायला तात्पुरती मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

आता हिशोब करा. एकाकडे जुनी नोंदणी, दुसऱ्याकडे जुना वापर, आणि कोर्टात गेली चौदा वर्षं. आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला हे झेपेल का? म्हणून आपल्याकडे दोन्ही पाहिजे: नोंदणी पण आणि वापराचा पुरावा पण.

नोंदणी कशी करायची?

१. आधी शोध घ्या. ट्रेडमार्क खात्याच्या वेबसाइटवर फुकटात बघता येतं. स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असेल, तरी अडचण येते.

२. वर्ग ठरवा. एकूण ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ मालाचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. मसाला ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये, कपडे २५ मध्ये, हॉटेल ४३ मध्ये.

३. टीएम-ए फॉर्म ऑनलाइन भरा. एका वर्गाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. एजंट किंवा वकिलाची फी वेगळी.

४. तपासणी अहवालात हरकत आली तर एका महिन्यात उत्तर द्या. इथे बरेच जण झोपतात आणि अर्ज जातो.

५. नाव जर्नलमध्ये छापलं की चार महिने कुणीही विरोध करू शकतं. विरोध नसेल तर प्रमाणपत्र मिळतं. मुदत अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं, पुढे नूतनीकरण.

अर्ज केल्यावर नावापुढे 'टीएम' लिहा. गोलातला 'आर' मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच. आधी लावणं बेकायदेशीर आहे.

कोणतं नाव टिकतं?

'लासूर मसाले' किंवा 'शुद्ध तेल' अशा नावांवर हरकत येते, कारण गावाचं नाव आणि मालाचं वर्णन सगळ्यांचंच असतं. देवी-देवतांच्या नावावर तर आधीच गर्दी आहे. त्यापेक्षा स्वतः घडवलेला शब्द घ्या.

प्रसिद्ध माणसाचं नाव चालेल का?

पाकिटावर क्रिकेटपटू किंवा गायिकेचं नाव, फोटो टाकायचा मोह टाळा. हयात व्यक्तीशी किंवा गेल्या २० वर्षांत निधन झालेल्या व्यक्तीशी खोटा संबंध सुचवणाऱ्या नावासाठी रजिस्ट्रार लेखी संमती मागू शकतात. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांचं नाव, आवाज आणि छबी परवानगीशिवाय वापरण्यावर अंतरिम मनाई केली. हा ट्रेडमार्कपेक्षा वेगळा, व्यक्तिमत्त्वाचा हक्क आहे. तो मोडला तर आपला माल बाजारातून उचलावा लागू शकतो.

आजचं काम

एक फाइल करा. त्यात पहिलं बिल, बोर्ड रंगवल्याची पावती, पाकीट छपाईचं बिल आणि जाहिराती तारखेसह ठेवा. अर्जात 'कधीपासून वापरतो' असं लिहिलं की शपथपत्रासोबत हाच पुरावा लागतो. आणि बोर्ड रंगवायला देण्याआधी नाव शोधून बघा. बोर्ड बदलायला हजारो लागतात, पण गिऱ्हाईकाच्या तोंडात बसलेलं नाव बदलायला वर्षं जातात.